कड साफ करणारे ट्रेसरभाऊ

वाघाच्या मिशा मोजायच्या तर वाघ मेलेला असावा लागतो, नाहीतर मोजणाऱ्याची तरी मरायची तयारी असावी लागते. आमच्या ट्रेसरभाऊंनी जिवंत वाघाच्या मिशा मोजल्या. डावीकडच्या सव्वीस, उजवीकडच्या पंचवीस. आणि वर हळहळले, "एक बांबूच्या मांगं गेली बे, नाईतं जोडी जमली असती."

हे सगळं त्यांनी कूलरसमोर खुर्चीत बसून केलं. जंगलाच्या गेटाजवळ एकाचं रिसॉर्ट होतं. त्याला वेबसाइटवर वाघ हवा होता, पण वाघाच्या मागचं जंगल नको होतं. वाघ एकटा पाहिजे, म्हणजे त्याला पानावर हवा तिथे उभा करता येतो. दुसरा कोणी असता तर वाघाच्या तोंडाभोवती एक रेघ फिरवून मोकळा झाला असता. भाऊंनी एकेक मिशी सोडवली. तीन दिवस लागले असं मी लोकांना सांगतो, कारण अकरा सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही. मालक रोज फोन करी, "भाऊ, वाघ झाला का?" आणि भाऊ सांगत, "डावा कान झाला. घाई करू नका, वाघ हाय थो." त्या अकरा दिवसांत तो वाघ नसून वाघीण आहे असं निघालं, तिला तीन पिल्लंही झाली, पण वेबसाइटवर ती यायचीच होती. आली तेव्हा मात्र अशी आली, की पान उघडल्याबरोबर माणसं मोबाइल हातभर लांब धरायची.

आमचं दुकान ऊर्जानगरच्या, म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीच्या, गेटाबाहेर, टिनाच्या गाळ्यांच्या लाइनीत. गाळा एक, धंदे दोन. पुढे मी : ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, सातबाऱ्याच्या प्रिंट. मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे भाऊ, आणि त्यांचा एकच धंदा : मागचं कापून देणं. म्हणजे फोटोतला माणूस किंवा वस्तू ठेवायची आणि तिच्या मागे जे काही आहे, भिंत, मोटारसायकल, सासऱ्याचा खांदा, ते सगळं काढून तिथे आरपार रिकामी जागा करून द्यायची. मग तो माणूस कुठेही चिकटवा. लग्नाच्या बॅनरवर, जयंतीच्या बॅनरवर, वेबसाइटवर.

नाव त्यांना होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. लाइनीत सगळे ट्रेसरभाऊच म्हणत. वीज केंद्राच्या ड्रॉइंग ऑफिसात ते तीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढणार, भाऊ त्यावर पारदर्शक कागद टाकून तो शाईने उतरवणार. रेघ चुकली तर रबर चालत नसे. दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, कागदाला भोक न पाडता. तीस वर्षांत एकही भोक पाडलं नाही असं भाऊ सांगत. आमच्या डोक्यावरची वीज केंद्राची ती उंच चिमणी सरळ उभी आहे ती त्यांच्या ब्लेडमुळे, असं मी सांगतो. आजवर कोणी खोडलेलं नाही.

निवृत्तीनंतर कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. आठ दिवसांत ते माझ्या पुढे गेले आणि नवव्या दिवशी मला म्हणाले, "तुले काई येत नाई बे." ब्लेड मात्र सुटलं नाही. अर्धं ब्लेड, एका कडेला चिकटपट्टी गुंडाळलेलं, कायम डाव्या हाताच्या दोन बोटांत. उजव्या हातात माउस. एकदा पडद्यावर एका नवरीच्या गालावर काळा ठिपका दिसला. भाऊंनी माउसने पुसला, जाईना. आठ वेळा पुसला. मग सवयीने ब्लेड लावलं. ठिपका निघाला, कारण तो चिमणीच्या राखेचा होता आणि काचेवर बसलेला होता. ओरखडा मात्र राहिला. पुढची पाच वर्षं ऊर्जानगर परिसरातल्या यच्चयावत नवऱ्यांच्या आणि नवरींच्या गालावर मी तो पाहिला.

काम करताना ते चित्र सोळापट मोठं करीत. नवरदेवाचा कान एवढा होई, की त्यात सहकुटुंब राहता यावं. मग नाक पडद्याला टेकवून ते त्या कानाच्या कडेकडेने निघत, बैलगाडीच्या वेगाने. मी पलीकडून ओरडायचो, "भाऊ, आता मशीन एका क्लिकमध्ये कापते. दाबा बटन, झालं."

"मशीनले केस आन गवत सारखंच दिसते," ते आतून म्हणत. "तुह्या सासऱ्याचा फोटो टाकून पाह्य, टक्कल ठेवन का डोंगर, सांगता येत नाई."

सगळ्यात मोठा दुश्मन म्हणजे जेपीजी. जेपीजी ही फाइलची जात अशी, की तिला रिकामी जागा ठेवताच येत नाही. तुम्ही मागचं कितीही सुंदर कापा, जेपीजी करून ठेवलं की मागे पांढरं, नाहीतर काळं, भरलंच. पीएनजीत मात्र रिकामं ते रिकामंच राहतं. गिऱ्हाईक पीएनजी घेऊन जाई आणि घरी कोणीतरी शहाणा तिचं जेपीजी करी. मग निळ्या बॅनरवर पांढऱ्या चौकोनात उभा असलेला वर्गणीदार पाहून भाऊ रस्त्यात थांबत, चप्पल काढून हातात घेत आणि पुन्हा घालत. "माणसाले फ्रिजमंधी ठेवलं या लोकानं," म्हणत.

आणि चार रंग. कोणतंही काम चार रंगांवर तपासल्याशिवाय त्यांच्या हातून सुटत नसे. कापलेला माणूस आधी भगव्यावर ठेवायचा, मग निळ्यावर, मग हिरव्यावर, शेवटी काळ्यावर. कडेला जुन्या फोटोची पांढरी किनार राहिली असेल तर कोणत्या ना कोणत्या रंगावर ती उघडी पडतेच. मी एकदा विचारलं, "भाऊ, गिऱ्हाईकाचं बॅनर निळं आहे, मग बाकीच्या तिनांवर काऊन तपासता?"

ते माझ्याकडे असे वळले जणू मी पहिलीत नापास झालो.

"आज थो निळ्यावर उभा हाय," ते म्हणाले. "उद्या कोणत्या रंगावर जाईन, त्याले तरी ठाव हाय का? कड साफ पाहिजे."

चेष्टा वाटेल, पण आमच्या भागातला एक होतकरू नेता भाऊंनी कापलेल्या एकाच फोटोवर तीन पक्ष फिरला. हात जोडलेले तेच, हसणं तेच, शर्ट तोच. कुठेही किनार दिसली नाही. चौथ्या वेळी तो फोटो दुसरीकडून करून आला आणि पडला. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

याच नेत्यामुळे चौकड्यांचं प्रकरण झालं. कॉम्प्युटरवर मागचं कापलं की तिथे पांढरे-राखाडी चौकडे दिसतात. इथे काही नाही, आरपार आहे, हे सांगायची ती कॉम्प्युटरची रीत. खरं चित्र घेऊन गेलं की चौकडे नसतातच. नेत्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, आणि भाऊ अजून त्याच्या मिशीत. त्याचा एक कार्यकर्ता वैतागून आत आला, त्याने पडद्याचाच मोबाइलने फोटो काढला आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे गेला. सकाळी चौकात वीस फुटांचा नेता, हात जोडून, चौकड्यांवर! एखाद्या टाइल्सच्या दुकानाचं उद्घाटन असावं तसा.

भाऊंनी ते पाहिलं आणि दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीन पोरं आली. "ट्रेसरभाऊ, आमच्या भैयाचंबी तसंच पाहिजे. थे चौकडेवालं."

"निघा," भाऊ म्हणाले.

"काऊन पण? त्याचं केलं ना तुमी?"

"थे चौकडे नाई हायेत. थे काईच नाई हाय!"

"हाव, थेच पाहिजे."

भाऊंनी त्यांना पाऊण तास ग्लासात पाणी घालून, ग्लासामागे बोट धरून, आरपार म्हणजे काय ते समजावलं. पोरांनी पाणी पिऊन टाकलं. मी प्लायवूडच्या अलीकडून त्यांना खुणावलं आणि चौकडेवालं बॅनर करून दिलं. ही गोष्ट भाऊंना कधी कळली नाही. आता लिहिली म्हणजे कळेल.

असा माणूस. आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्यात चूक माझी आहे, त्यामुळे ते शक्य तेवढं लांबवलं.

मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलात एक गाव आहे. तिथल्या अकरा बायकांचा बचत गट, आणि रैनाबाई त्याची अध्यक्ष. तिची भाची ऊर्जानगरच्या क्वार्टरात राहते, म्हणून ती आमच्याकडे आली. गावातली माणसं झाडावर चढून मध काढत, बायका तो कपड्यातून गाळत. दरवर्षी उन्हाळ्यात एक व्यापारी गाडीत रिकामे डबे घालून येई आणि सगळा मध डब्यात ओतून नेई. पुढे तो कोणाच्या नावाने विकला जाई हे त्या अकराजणींना कधी कळलं नव्हतं. या वर्षी त्यांनी काचेच्या बाटल्या आणल्या, गटाच्या नावाची चिठ्ठी छापली. जंगलातल्या वस्तू विकणाऱ्या नागपूरच्या एका ऑनलाइन दुकानाने त्यांना पानावर जागा द्यायचं कबूल केलं. अट एकच : बाटलीचा फोटो हवा, आणि त्याच्या मागे काही नको.

रैनाबाईने फोटो आणला होता. तिनेच बाटली छातीशी धरलेली, भाचीने काढलेला. भाऊ म्हणाले, "आठ दिवस लागन." तिचा चेहरा पडला. ते जेवायला गेले आणि मी उदार झालो.

"बाई, कायले आठ दिवस? इकडे द्या."

एका क्लिकवर बाई गेली, हात गेला, अंगण गेलं. बाटली उरली. माझ्या मते फार सुंदर. मीच ती नागपूरला पाठवून दिली. भाऊ आले तेव्हा मी फॉर्म भरत होतो आणि शीळ घालत होतो.

शुक्रवारी सकाळी नवाला रैनाबाई दुकानात उभी. पहाटेची पहिली एसटी धरून, मध्ये एक बदलून आलेली. निळं लुगडं, काखेत कापडी पिशवी. तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"भाऊ, हे शहदात काय हाय?"

मी पाहिलं. मध लालसर दिसत होता, आणि मधात पिवळी पिवळी फुलं तरंगत होती. चांगली पाकळ्यांसकट. ती त्या दिवशीच्या तिच्या लाल साडीवरची फुलं होती. बाटली काचेची, मध आरपार दिसणारा, आणि मागे साडी. मी बाहेरचं सगळं कापलं होतं. आतून दिसणारी साडी तशीच राहिली होती.

"नागपूरच्या मॅडमचा फोन आला होता," रैनाबाई म्हणाली. "म्हणे, यात रंग घातला का? कचरा हाय का? आज पाच वाजेपर्यंत बरोबर फोटो नाई आला तं आमची जागा दुसऱ्याले जाते. आन उद्या यापाऱ्याची गाडी येऊन राह्यली. पान नसन तं शहद त्यालेच द्या लागन. घरात ठेवाले जागा नाई, उन्हानं फसफसते थे."

"बाई, माझी—"

"कोनाची चूक थे मले नाई पाह्याचं. अकरा जणी वाट पाहून राह्यल्या."

मी प्लायवूडच्या पलीकडे गेलो आणि कबुली दिली. मला वाटलं ब्लेड येतं आता. भाऊंनी ऐकून घेतलं, फोटो पडद्यावर सोळापट केला, एक पिवळं फूल बराच वेळ पाहिलं.

"तू बाटली कापली," ते म्हणाले. "काच कोन कापन?"

रैनाबाईने पिशवीतून भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. भाऊ ती घेऊन दाराबाहेर गेले. मे महिना, चंद्रपूरचं ऊन. बाहेर टिनावर उतरलेले कावळे पाय बदलत उभे होते. भाऊंनी बाटली डोळ्यासमोर धरली, तिच्यातून चिमणी पाहिली, चिमणीचा धूर पाहिला, मग मलाही दाखवलं. मधातून धूर गुळाच्या पाकासारखा वर चालला होता.

"पाह्य. मांगं चिमणी तं चिमणी दिसते. साडी तं साडी दिसते. शहदाची चूक नाई हाय थे. म्हणून मांगचं काढाचं, पण आरपारपण ठेवाचं. नुसतं पिवळं भरलं तं थे तेलाचा डबा दिसन."

त्यांच्याकडे ऑफिसातल्या दिवसांचं एक काचेचं टेबल होतं, खाली ट्यूबलाइट लावलेलं, नकाशे उतरवायचं. त्यावर बाटली ठेवली. मागे कोरा कागद. माझ्या मोबाइलने नवा फोटो काढला. सव्वीस काढले, भाऊंना एक पटला. मग ते पडद्याला नाक टेकवून बसले.

बाहेरची कड अकरापर्यंत झाली. भाऊंसाठी हा वेग म्हणजे राजधानी एक्सप्रेस होता. मग आतलं काम. फळ्यावरचं डस्टरने पुसतात तसं ते नाही. अगदी हलका हात घेऊन, जरा जरा करून, मध पातळ करायचा. बुडाशी दाट, खांद्याशी विरळ, काचेवर जिथे उजेड चमकतो तिथे पांढरं तसंच. तीस वर्षं कागदाला भोक न पाडता शाई खरवडलेला तो हात त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला. माझ्या पुढच्या दुकानात फॉर्मवाल्यांची रांग लागली होती. मी सर्व्हर डाऊन आहे असं सांगितलं.

अडलं ते रंगावर. दोन वाजता भाऊंनी हाक मारली, "बाई, इकडे या. असंच हाय का तुमचं शहद?"

रैनाबाईने पडद्याकडे पाहिलं, टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं.

"हे तं निळसर पाणी हाय, भाऊ."

भाऊंनी रंग वाढवला. "आता?"

"आता हळद."

"आता?"

"चहा. उकळलेला."

मी म्हणालो, "भाऊ, बाटली समोरच आहे की. पाहून लावा ना."

भाऊंच्या हातातलं ब्लेड या बोटातून त्या बोटात गेलं. रैनाबाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने लुगड्याचा पदर त्यांच्यासमोर धरला.

"भाऊ, हे कोनत्या रंगाचं हाय?"

"हिरवं," भाऊ म्हणाले.

ते निळं होतं. चांगलं ठसठशीत निळं.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. पडद्याला टेकलेलं नाक. सोळापट कान. आठ दिवस, अकरा दिवस. इतकी वर्षं मी त्याला बारकावा समजत होतो. होताच बारकावा, पण त्याच्याशेजारी मोतीबिंदूही बसलेला होता, दोन्ही डोळ्यांत, आणि भाऊंनी तो जगापासून असा लपवला होता, की कुठेही किनार दिसू नये.

"किती दिवस झाले?" रैनाबाईने विचारलं.

"दोन वर्षं. तीन असतीन."

"मंग दाखवलं काऊन नाई?"

भाऊ माझ्याकडे वळले, तिच्याकडे नाही. "आता मले सारं साफ दिसते बे. एकबी कड खराब नाई दिसत. ऑपरेशन केलं आन तीन वर्षांच्या चुका दिसल्या तं? कोनाकोनाच्या घरी जाऊ?"

मी पुढच्या रांगेला पुन्हा एकदा सर्व्हर डाऊन सांगून आलो.

रैनाबाईने माझं स्टूल ओढलं आणि त्यांच्या खुर्चीला लावून बसली. "हात तुमचा चालवा," ती म्हणाली. "डोळे माहे. पिवळं कमी करा. अजून. थांबा, गेलं थे. मांगं या. हे फागुनातलं नाई हाय, चैताचं हाय, थोडं लाल असते. एवढं नाई, भाऊ! तुमी काय कुंकू लावून राह्यले का?"

"बाई, एका वेळी एक सांगा."

"एकच सांगून राह्यली. हातच तुमचा दोन कामं करते."

तीस वर्षं मोठमोठ्या इंजिनिअरांना भाऊ "साहेब, रेघ अशी येत नसते" असं सुनावत आले होते. त्या दुपारी ते मान खाली घालून ऐकत होते. बाटलीच्या बुडाशी कोणता रंग, मानेशी कोणता, फेस कुठे असतो आणि कुठे नसतो, सगळं ती सांगत होती. त्या बाईने त्या मधाला कपड्यातून थेंब थेंब पडताना पाहिलेलं. आपल्याकडे रंगाची नावं सात. तिच्याकडे नुसत्या पिवळ्याची चाळीस होती. हा आकडा मी वाढवलेला नाही, उलट तिच्या भाचीला विचारून कमी केला आहे.

पावणेपाचाला ती म्हणाली, "हाव. हे आमचं हाय."

मी उडी मारली. "द्या भाऊ, पाठवतो."

"थांब. चार रंग."

"भाऊ, पंधरा मिनिटं राहिली! आज राहू द्या."

"त्या मॅडमचं पान कोनत्या रंगाचं हाय, पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं.

"मंग?"

भगवा. निळा. हिरवा. प्रत्येक रंगावर बाटली ठेवली, की मधातून तो रंग हळूच उगवे, मधाचा होऊन. काळ्यावर ठेवली तेव्हा रैनाबाई खुर्चीवर हात ठेवून पुढे वाकली आणि म्हणाली, "तिथी, खांद्याजवळ, पांढरी रेघ हाय." भाऊंना ती दिसत नव्हती. तिने पडद्यावर बोट ठेवलं, भाऊंनी बोटाजवळ माउस नेला आणि रेघ गेली.

फाइल पीएनजीत ठेवली. मी ती मोबाइलवर घेतली, नागपूरच्या मॅडमचा नंबर काढला, फोटो म्हणून पाठवायला अंगठा उचलला, आणि भाऊंनी माझं मनगट धरलं. डोळ्यांनी दिसत नसलं तरी अंगठ्याची चाल त्यांना कळली.

"फोटो म्हणून नको. मोबाइल त्याचं जेपीजी करते आन मांगं काळं भरून देते. शहदाचं डांबर होईन. कागदपत्र पाठवतो ना तू फॉर्मवाल्याचे, तसं पाठव."

तसं पाठवलं. त्या क्षणी चार वाजून एकोणसाठ मिनिटं झाली होती असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे चार चोपन्न. पण नेटवर्कचं चाक फिरत होतं आणि रैनाबाईच्या पायाचा अंगठाही फरशीवर फिरत होता, तेव्हा ती पाच मिनिटं मी माझ्या पदरची घातली तर काय बिघडलं?

सहाच्या सुमारास पान उघडलं. मॅडमच्या पानाला मागे हिरव्या पानांचं चित्र होतं. तिथे आधीच चार-पाच बाटल्या उभ्या होत्या, दुसऱ्या कोणाकोणाच्या. त्यांच्या काचेत मागचं काही दिसत नव्हतं, नुसतं मळकट पांढरं ठिगळ. मध्ये आमची. तिच्या मधातून पानं दिसत होती, सोनेरी होऊन.

"आता कोनी कचरा म्हणाले तं?" रैनाबाईने विचारलं. हसत होती, पण विचारलंच.

"पानाले कचरा म्हणाले तं मले फोन करजो," भाऊ म्हणाले. "मी त्याईले ग्लासात पाणी घालून समजावतो."

मी मनात म्हटलं, समजावाच.

जाताना तिने भाऊंकडून कबूल करून घेतलं. कामाचं काय द्यायचं असं तिने विचारलं, भाऊ म्हणाले काही नाही, तर ती म्हणाली, "तसं नाई चालत. मंग मी सांगते थे करा. डोळे दाखवा." माणसाला असं कोपऱ्यात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच पावसाळ्यात दोन्ही डोळे झाले, आणि त्यांची भीती खरी ठरली : त्यांना सगळ्या चुका दिसल्या. मग त्यांनी तीन वर्षांची कामं पुन्हा उघडली. ज्यांनी मागितलंही नव्हतं त्यांना दुरुस्त फाइली पाठवू लागले. एका नवरदेवाला लग्नानंतर अडीच वर्षांनी नवा डावा कान मिळाला, तोवर त्याला दोन लेकरं झाली होती. तीन पक्ष फिरलेल्या नेत्याला त्यांनी कळवलं, की मिशीत चूक आहे, मोफत करून देतो. त्याला ती राजकीय धमकी वाटली. आता भाऊ जिवतीला असतात, लेकीकडे, ती तिथे शाळेत शिक्षिका आहे. डोंगरावर नेटवर्क मिळालं की माझ्या मोबाइलवर एखादी फाइल येऊन पडते, सोबत एकच ओळ : "कड पाह्य."

पण शनिवारचं राहिलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघंही कामाचं नाटक करत होतो. तीन वाजता भाऊंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला, मग मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि प्लायवूडच्या या बाजूला आले. मागे खूप बायकांचा आवाज, कोंबड्या, कुणीतरी हसतंय.

"ट्रेसरभाऊ, गाडी आली होती," रैनाबाई ओरडून सांगत होती. "म्हणे, शहद आणा. आमी म्हटलं, नाई हाय. म्हणे, बाटल्या तं दिसून राह्यल्या. आमी म्हटलं, त्याच्यावर आमचं नाव हाय, वाचा. त्यानं वाचलं. अकराजणी समोर उभ्या होत्या ना, वाचा लागलं त्याले."

"मंग?"

"मंग काय. तेरा डबे घेऊन आला, तेरा रिकामे घेऊन गेला. गड्ड्यातून गाडी गेली तं खणखण, खणखण! नदीपर्यंत आयकू येऊन राह्यलं होतं."

भाऊ खुर्चीवर बसले. मोबाइल दोन्ही हातांत धरून, जणू तो सांडेल. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी घसा साफ केला.

"त्या डब्यायचा फोटो काढला का, बाई?"

"डब्यायचा? काऊन?"

"पाठवून देजो. गाडी काढून टाकतो, रस्ता काढून टाकतो. रिकामे डबे कसे तेराच्या तेरा मोजता आले पाहिजे."